पाण्यातलं कासवही बुडतं : पाळीव कासवासाठी तातडीचे प्रथमोपचार आणि पाण्यातली काळजी

सकाळी टाकीत डोकावावं तर कासव तळाशी पडलेलं, मान बाहेर लोंबलेली, पाय लुळे. घरातली मुलं रडायला लागतात, मोठी माणसं 'गेलं बिचारं' म्हणून मोकळी होतात. खरं तर अशा अवस्थेतलं कासव पुष्कळदा जिवंत असतं आणि पुढच्या काही मिनिटांत घरचे काय करतात यावर त्याचा जीव अवलंबून असतो. पण नेमकं काय करायचं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कासव पाण्यातलंच, ते कसलं बुडतंय, हा समज सगळीकडे पक्का आहे. बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद इथल्या मराठी घरांत मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेली छोटी हिरवी कासवं हल्ली सर्रास दिसतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

आधी कासव कोणतं ते ओळखा

मराठीत जमिनीवरचं आणि पाण्यातलं, दोन्हींना आपण कासवच म्हणतो. घोटाळा इथूनच सुरू होतो.

दुकानात मिळणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. ते मूळचं अमेरिकेतलं. विकत घेताना रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असतं, पण पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत जाते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं जगते. ते चांगलं पोहतं, पण दिवसातले काही तास पाण्याबाहेर कोरडं होऊन ऊन खाणं त्याला आवश्यक असतं.

पाठीवर पिवळ्या चांदण्यांसारखी नक्षी असलेलं स्टार कासव जमिनीवरचं. त्याला पोहता येत नाही. त्याला पाण्याच्या टबात सोडणं म्हणजे बुडवणंच. विहिरीत, तळ्यात, शेताच्या पाटात सापडणारं, मऊ कातडीच्या पाठीचं आणि पोटाकडे मागच्या पायांवर झडपा असलेलं फ्लॅपशेल कासव पाण्यातलं, पण ते पाळीव नाही.

स्टार आणि फ्लॅपशेल ही दोन्ही कासवं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. 'कुणीतरी भेट दिलं', 'वास्तूसाठी चांगलं म्हणून आणलं' ही सबब चालत नाही. असं कासव घरात असेल तर गुपचूप तळ्यात सोडू नका, वनखात्याशी बोला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे.

कासव बुडतं कसं?

माशाला कल्ले असतात, कासवाला फुप्फुसं. श्वास घ्यायला त्याला पाण्याबाहेर नाक काढावंच लागतं. धडधाकट कासव बराच वेळ श्वास रोखून धरतं, पण कुठेतरी अडकलं, उलटं पडलं, आजारी असलं किंवा गारठलेलं असलं तर वर येता येत नाही आणि पाणी फुप्फुसात जातं.

घरात बुडण्याची कारणं बहुतेक वेळा हीच असतात :

- शोभेचा दगड, कृत्रिम किल्ला किंवा हीटर आणि काच यांच्या फटीत अडकणं.
- उथळ पाण्यात पाठीवर उलटं पडणं आणि सरळ व्हायला पुरेसं पाणी नसणं.
- बसायला कोरडी जागा नसल्यामुळे रात्रंदिवस पोहून दमणं.
- फिल्टरच्या ओढीला पिल्लाचा पाय किंवा मान खेचली जाणं.
- मोठ्या कासवानं लहान कासवाला पाण्याखाली दाबून धरणं.
- न्यूमोनिया झालेल्या कासवाला खोल पाण्यात ठेवणं.

बुडालेल्या कासवाचे प्रथमोपचार

१. कासवाला लगेच पाण्याबाहेर काढा. टाकीत विजेचं काही लावलेलं असेल तर पाण्यात हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा.

२. कवच दोन्ही हातांनी बाजूंनी धरा आणि डोकं खाली, शेपूट वर असं उभं धरा. पाठीवर आडवं अजिबात ठेवू नका. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून वरच्या बाजूला असतात. उलटं केलं की पोटातल्या सगळ्या अवयवांचं वजन त्यांच्यावर येतं आणि उरलासुरला श्वासही बंद होतो.

३. दुसऱ्या माणसानं जबड्यामागे हलक्या हातानं धरून मान सरळ बाहेर ओढावी. मान आत गेलेली असली की नळी दुमडलेली राहते आणि पाणी बाहेर येत नाही. तोंड मिटलेलं असेल तर मऊ प्लॅस्टिकच्या कडेनं अलगद उघडावं. बोट घालू नये, शुद्धीवर येताना कासव चावतं. तोंडातून, नाकातून पाणी ठिबकेपर्यंत असंच धरावं.

४. पाणी यायचं थांबलं की टॉवेलवर पोटावर ठेवा. पुढचे दोन्ही पाय हळूच पूर्ण बाहेर ओढा, मग पूर्ण आत ढकला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. कासवाची छाती कवचात बंद असल्यामुळे ती आपल्यासारखी फुगत नाही. पाय आणि खांद्यांच्या स्नायूंच्या हालचालीनं त्याच्या फुप्फुसात हवा खेळते. म्हणून पायांचा हा भाता सावकाश, न थांबता चालवायचा. मध्ये पुन्हा पाणी आलं तर परत डोकं खाली करून ते निथळू द्या.

५. तोंडानं हवा फुंकू नका, कवचावर दाबू किंवा ठोकू नका, गोल फिरवून झटकू नका. गरम पाण्यात घालणं, हेअर ड्रायर लावणं, दिव्याखाली ठेवणं हेही नको. अंग पटकन गरम झालं की शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि तोच तर कमी पडलेला असतो.

६. हालचाल दिसली तरी पुन्हा पाण्यात सोडू नका. ओलसर टॉवेल अंथरलेल्या, भोकं असलेल्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. बुडून वाचलेल्या कासवाला एक-दोन दिवसांत न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. 'आता चालतंय ना' म्हणून घरी ठेवलेली कासवं पुढच्या आठवड्यात दगावतात ती यामुळेच.

काहीच हालचाल नसली तरी मेलं असं लगेच ठरवू नका. कासवाचं हृदय फार मंद चालतं, छातीला कान लावून ते ऐकू येत नाही. डॉक्टर डॉप्लर यंत्रानं ठोके तपासतात. अंग ताठ होऊन वास येईपर्यंत प्रयत्न आणि दवाखाना दोन्ही सोडू नयेत.

कवच फुटलं, रक्त आलं तर

गॅलरीतून पडणं, दारात चिरडणं, गाडी मागे घेताना चाकाखाली येणं आणि कुत्र्यानं चावणं ही नेहमीची कारणं. कवच म्हणजे पाठीवर ठेवलेला डबा नव्हे. वर नखासारखा थर, खाली जिवंत हाड, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा. कवच फुटणं म्हणजे हाड मोडणंच, ते तितकंच दुखतं.

- स्वच्छ गॉज जखमेवर ठेवून हलका दाब द्या, रक्त थांबेपर्यंत उचलून पाहू नका.
- जखम सलाइननं धुवा. पोव्हिडोन आयोडीन असेल तर पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचं करून वापरा. पाठीवरच्या भेगेतून बुडबुडे येत असतील तर फुप्फुस उघडं पडलेलं असतं. तिथे काहीही ओतू नका, फक्त ओलसर गॉजनं झाका.
- सुटलेले कवचाचे तुकडे फेकू नका, गॉजमध्ये गुंडाळून सोबत न्या.
- हळद, चुना, तेल, तूप, राख लावू नका. झटपट चिकटणारा गोंद किंवा पाइप जोडायचं मिश्रण लावून भेग बुजवू नका. आत जंतू कोंडले जातात आणि डॉक्टरांचं काम अवघड होतं.
- पाण्यात ठेवू नका. कोरड्या, स्वच्छ, उबदार डब्यात ठेवा.
- कुत्र्याचा चावा दिसायला लहान असला तरी जंतुसंसर्ग खोल जातो. त्यात औषधं लागतातच.

पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसून काही तासांत अळ्या पडतात. तेव्हा डब्यावर जाळीचं कापड घाला. अळ्या दिसल्या तर फिनेल, रॉकेल टाकू नका. कासवाचं अंग ते शोषून घेतं.

ऊन लागणं आणि गारठणं

कासवाचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही, भोवतालच्या तापमानावर चालतं. एप्रिल-मे महिन्यात प्लॅस्टिकचा टब 'थोडं ऊन मिळू दे' म्हणून गच्चीत ठेवला आणि घरचे विसरले, की पाणी तापून कासव अक्षरशः शिजतं. तोंडाला फेस, धापा, सैरावैरा धावणं आणि मग एकदम शांत पडणं ही लक्षणं. अशा वेळी सावलीत आणा, साध्या तापमानाच्या उथळ पाण्यात ठेवा, डोकं वर राहू द्या. बर्फ किंवा फ्रिजचं पाणी नको. मग दवाखाना.

उलट इंदूर-ग्वाल्हेरकडच्या थंडीत हीटरशिवायचं पाणी रात्रीत गार पडतं. कासव खाणं सोडतं, पोटातलं अन्न पचत नाही, पोहायचं त्राण राहत नाही. गारठलेल्याला एकदम गरम पाण्यात न टाकता खोलीच्या तापमानाला आणून हळूहळू ऊब द्यावी, तोवर पाणी अगदी उथळ ठेवावं आणि अन्न देऊ नये.

स्लायडरसाठी पाणी साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि बसायच्या जागी ३२ ते ३५ अंश, हे माप लक्षात ठेवा. पाच-पन्नास रुपयांचा अंदाज नको, टाकीला थर्मामीटर लावा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- नाकाला बुडबुडे, उघड्या तोंडानं श्वास, मान लांब ताणलेली, पोहताना एका बाजूला कलंडणं : श्वसनाचा आजार. पाणी उथळ करा, ऊब वाढवा, डॉक्टरांकडे न्या.
- डोळे सुजून बंद : बहुतेकदा अ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा घाण पाणी. नुसत्या सुकटीवर वाढवलेल्या कासवांत हे फार दिसतं. माणसांचे डोळ्यांचे थेंब घालू नका. जीवनसत्त्वाचा अतिरेकही घातक ठरतो, अंगाची कातडी सुटते.
- शेपटीजवळून मांसल भाग बाहेर आलेला : नराचं इंद्रिय कधी कधी बाहेर येऊन काही मिनिटांत आत जातं, त्यात काही नाही. आत गेलं नाही, सुजलं किंवा रक्त आलं तर ती आणीबाणी. सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज लावून ओलं ठेवा, दुसऱ्या कासवांपासून वेगळं करा, हातानं आत ढकलू नका.
- मादी सतत बाहेर पडायला धडपडते, मागच्या पायांनी उकरते, खात नाही : अंडी अडकलेली असू शकतात. नर नसतानाही मादीला अंडी होतात, त्यामुळे 'आमच्याकडे एकटीच आहे' हे कारण पुरेसं नाही.

औषधांबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कुत्र्यांना आणि गुरांना जंतांसाठी, गोचिडांसाठी दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला जीवघेणं ठरतं. घरात कुत्र्याचं उरलेलं औषध आहे म्हणून ते कासवाला देऊ नका आणि गुरांच्या दवाखान्यात नेलं तरी ही गोष्ट आवर्जून सांगा.

टाकी आणि पाणी : अपघात टाळायचा तर

*खोली.* धडधाकट स्लायडरसाठी पाणी किमान त्याच्या कवचाच्या रुंदीइतकं खोल हवं, म्हणजे उलटं झालं तर पाण्यात सहज सरळ होतं. पिल्लू किंवा आजारी कासव असेल तर पाणी इतकंच की तळावर उभं राहून मान वर केली की नाक बाहेर येईल.

*जागा.* कवचाच्या दर अडीच सेंटीमीटरला सुमारे ३८ लिटर, असा हिशेब जाणकार धरतात. म्हणजे १५ सेंटीमीटरच्या कासवाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास. दुकानात मिळणारा नारळाच्या झाडाचा प्लॅस्टिक टब महिनाभराचाही सोबती नाही.

*कोरडी बैठक.* पूर्ण अंग कोरडं होईल अशी, न हलणारी जागा आणि तिथे चढायला खडबडीत उतार हवा. गुळगुळीत फरशीचा तुकडा उभा करून ठेवला तर कासव चढत नाही आणि खाली अडकतं.

*फटी.* कासवाचं डोकं जाईल पण अंग जाणार नाही अशी एकही फट नको. हीटरला जाळीचं आवरण, फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा. तोंडात मावतील असे खडे काढून टाका, कासवं ते गिळतात.

*वीज.* हीटरची काच फुटली तर कासव आणि माणूस दोघांनाही धक्का बसतो. पाणी बदलण्याआधी प्लग काढायची सवय लावा आणि त्या लाइनवर अर्थ लीकेज ब्रेकर बसवून घ्या.

*नळाचं पाणी.* पालिकेच्या पाण्यातल्या क्लोरीननं डोळे चुरचुरतात. बादलीत उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी वापरावं किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब टाकावेत. आठवड्याला पाव ते अर्धं पाणी बदला. विष्ठेतला अमोनिया दिसत नाही, पण डोळे, कातडी आणि फुप्फुसं जाळतो. पाण्याला वास आला म्हणजे आधीच उशीर झालेला आहे. खाऊ घालताना कासव वेगळ्या टबात काढलं तर टाकीची निम्मी घाण टळते.

*वीज गेली तर.* पावसाळ्यात बारा-बारा तास वीज नसते तेव्हा फिल्टर बंद पडतो. अशा वेळी खाणं बंद ठेवा, पाणी हातानं बदला आणि थंडी असेल तर टाकीभोवती जाड चादर गुंडाळा.

*ऊन.* खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा हाडांना आणि कवचाला उपयोग नाही, त्यातली अतिनील किरणं काच अडवते. रोज वीस-तीस मिनिटं थेट कोवळं ऊन द्या, पण टबाचा अर्धा भाग सावलीत आणि कुणीतरी जवळ बसलेलं. घार, कावळा, मांजर क्षणात झडप घालतात.

दवाखान्यात नेताना

डब्यात पाणी भरून नेऊ नका. बसच्या, रिक्षाच्या धक्क्यानं कासव उलटं होतं आणि त्याच पाण्यात बुडतं. ओला टॉवेल पुरतो, पाण्यातलं कासव काही तास आरामात त्यावर राहतं. उन्हात उभ्या गाडीत डबा सोडू नका.

कासवांवर उपचार करणारे डॉक्टर प्रत्येक गावात नसतात. म्हणून गरज पडण्याआधीच फोन करून विचारून ठेवा. मुंबईत परळ, सातारा जिल्ह्यात शिरवळ, इंदूरजवळ महू, गुजरातेत आणंद, हैदराबादला राजेंद्रनगर आणि कर्नाटकात बीदर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळचा डॉक्टर सापडला नाही तर तिथून दिशा मिळू शकते. डॉक्टरांना सांगायची माहिती आधी कागदावर लिहा : काय झालं आणि कधी, पाण्याचं तापमान, शेवटचं काय खाल्लं, शी कधी केली, घरात काय औषध दिलं.

घरात एक डबा तयार ठेवा. त्यात गॉज, सलाइनची बाटली, पोव्हिडोन आयोडीन, चिकटपट्टी, बिनसुईची सिरिंज, थर्मामीटर, हातमोजे, जुना टॉवेल, भोकं पाडलेला झाकणाचा डबा आणि डॉक्टरांचा नंबर असावा.

घरच्या माणसांची काळजी

धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असतात. याच कारणानं अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे, कारण मुलं ती तोंडात घालत. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावला की साबणानं हात धुवा. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांनी हे काम करू नये. कासव चावलं तर जखम साबण-पाण्यानं धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

नको झालं तर तळ्यात सोडू नका

कासव मोठं झालं, पाणी बदलणं जड जाऊ लागलं, की संध्याकाळी गावच्या तळ्यात, देवळाच्या पुष्करणीत नाहीतर विहिरीत सोडून येणारे पुष्कळ. पुण्य केल्यासारखं वाटतं, होतं उलट. स्लायडर जगातल्या सर्वांत घातक १०० परक्या आक्रमक जातींच्या यादीत आहे. तो आपल्या कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न बळकावतो, सोबत रोग नेतो. दुसरं घर शोधा, नाहीतर प्राणी बचाव करणाऱ्या संस्थेशी किंवा वनखात्याशी बोला. विहिरीत सोडलेल्या कासवाला तर बाहेर यायला पायरी नसेल तर बसायला कोरडी जागाच मिळत नाही.

गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग किंवा कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्री कासव निपचित पडलेलं दिसलं, तर दया म्हणून त्याला परत लाटांत ढकलू नका. थकलेलं, जखमी कासव तिथेच बुडतं. त्याला सावली करा, अंगावर ओलं फडकं टाका, नाक-डोळे मोकळे ठेवा, गर्दी आणि कुत्री लांब ठेवा आणि वनखात्याला कळवा.

घरचं असो की किनाऱ्यावरचं, कासव संकटात असताना पहिली तीन कामं सारखीच : डोकं पाण्याबाहेर, अंग पोटावर आणि जाणकाराला फोन.